तहकूब सभेतून निसटणारं स्वातंत्र्य

२५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या जाहीरनाम्यावर सही केली, तेव्हा मंत्रिमंडळाची बैठक झालीच नव्हती. ती झाली दुसऱ्या दिवशी सकाळी. आधी निर्णय, मागाहून मंजुरी. ही फट १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने बुजवली. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी मिळाल्याशिवाय राष्ट्रपतींना आता आणीबाणी जाहीर करता येत नाही, आणि जगण्याचा हक्क देणारं कलम २१ आणीबाणीतही स्थगित करता येत नाही.

विदर्भातल्या कितीतरी गावांत मात्र हीच फट उघडी आहे, ग्रामसभेच्या रजिस्टरात.

ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी तो. तेवढे लोक आले नाहीत की सभा तहकूब होते. तहकूब झालेल्या सभेला मात्र गणपूर्तीची अटच नाही! म्हणजे पहिल्या सभेला गाव फिरकलं नाही, तर पुढच्या सभेत मूठभर माणसं गावाच्या नावाने ठराव करू शकतात, आणि तो कायदेशीर ठरतो. जुलूम लागत नाही, रिकामी सतरंजी पुरते.

सतरंजी रिकामी का राहते? तारखा बघा. १ मे ला गडचिरोली-चंद्रपूरकडे तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर, १५ ऑगस्टला निंदण, २ ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी, २६ जानेवारीला कापसाची वेचणी. सकाळी अकराला सभा लावली की बायका वावरात असतात आणि मजुरी बुडवून कोणी येत नाही. म्हणून सभा रात्री आठला, मारोतीच्या पारावर घ्यायचा आग्रह धरा. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायला कायदाच सांगतो. ती खरंच झाली का, हे पहिल्यांदा विचारा. वनहक्क कायद्याचे नियम याहून कडक आहेत: किमान निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे सर्वसहमतीने निर्णय घ्यायची आणि आधी अभ्यासगटात विषय समजून घ्यायची अनेक वर्षांची सवय होती. हक्क कागदावर आला तेव्हा तो पेलणारं गाव तयार होतं.

दुसरी गळती लिखाणात आहे. हजेरीच्या सह्या आधी घ्यायच्या आणि ठराव मागाहून लिहायचे, ही पद्धत सगळ्यात घातक. कोऱ्या पानावर सही करू नका, मग मागणारा घरचाच का असेना. सभा संपण्याआधी प्रत्येक ठराव सूचक-अनुमोदकाच्या नावासकट मोठ्याने वाचून घ्या, शेवटच्या ओळीखाली रेघ मारून उरलेली जागा काटून टाका. मोबाइलवर पानाचा फोटो तिथेच काढा. विरोध असेल तर तो नोंदवून घ्या. तोंडी विरोध रजिस्टरात उरत नाही.

पान दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. अर्जात “सगळी माहिती द्या” असं लिहू नका, तिथेच अर्ज अडकतो. सभेची तारीख टाका आणि त्या सभेचं इतिवृत्त, हजेरीपत्रक व नोटीस यांच्या प्रती मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पंचायत समितीत पहिलं अपील करायचं. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका, कारण उत्तराचे ३० दिवस त्याच तारखेवरून मोजले जातात.