मेलानोमाच्या पेशी औषधानंतर टी-पेशींना सापडतात, पण थोडेच दिवस

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत मेलानोमाचं, म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींच्या कर्करोगाचं, प्रमाण जगात सर्वांत जास्त, त्यामुळे तिकडे या आजाराबद्दल बरंच बोललं जातं. तिकडून हमखास येणारा प्रश्न असा: गोळी थेट कर्करोगाच्या पेशीवर काम करते, मग त्यात प्रतिकारशक्तीचा संबंध कुठे येतो?

येतो, आणि चांगलाच येतो. सुमारे निम्म्या मेलानोमांत बीआरएएफ जनुकात बदल झालेला असतो आणि वाढीचा संदेश सतत चालू राहतो. हाच संदेश मार्ट-१, जीपी-१००, टायरोसिनेज अशी रंगपेशीची ओळख सांगणारी प्रथिनं दाबून ठेवतो. वेमुराफेनिब किंवा डाब्राफेनिब या बीआरएएफ रोखणाऱ्या गोळ्यांनी तो तोडला की ही प्रथिनं पुन्हा बनू लागतात. त्यांचे तुकडे एचएलए या प्रथिनांचे तुकडे मिरवणाऱ्या रेणूच्या खाचेत बसून पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींच्या नजरेस पडतात. उपचार सुरू झाल्यावर १०-१४ दिवसांनी घेतलेल्या बायॉप्सीत सीडी-८ (मारेकरी) टी-पेशी वाढलेल्या दिसल्या आहेत. पण त्याच नमुन्यांत पीडी-१ आणि पीडी-एल-१ ही टी-पेशींना थोपवणारी प्रथिनंही वाढलेली असतात. म्हणजे हल्ला सुरू होतो न होतो तोच ब्रेकही लागतो.

प्रयोगशाळेत हे मोजताना फसगत सहज होते. ए-३७५ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेलानोमा पेशींत मार्ट-१ जवळपास नसतंच, त्यामुळे मार्ट-१ ओळखणाऱ्या टी-पेशींसाठी एचएलए-ए-२ (एचएलएचा एक प्रकार) आणि मार्ट-१ दोन्ही असलेल्या पेशी घ्याव्या लागतात. औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवतात. तुलनेच्या थाळीतही तेवढंच डीएमएसओ हवं, आणि शक्यतो ०.१ टक्क्याच्या आत. औषध दिलेल्या पेशी पसरून मोठ्या होतात, मग फ्लो सायटोमेट्रीत (एकेका पेशीची चमक मोजण्याच्या पद्धतीत) नुसत्या आकारामुळेही एचएलएचा सिग्नल वाढल्यासारखा वाटतो. म्हणून आयसोटाइप कंट्रोल (कशालाही नेमकं न चिकटणारं, तुलनेसाठीचं प्रतिपिंड) प्रत्येक मात्रेला वेगळा लावायचा. थाळीला चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या विकराने फार वेळ सोडवल्या तर पृष्ठभागावरची प्रथिनंच कापली जातात. त्यापेक्षा ईडीटीए बरं.

टी-पेशींनी किती पेशी मारल्या, हे पेशींत आधी भरलेल्या किरणोत्सारी क्रोमियम-५१ च्या गळतीवरून ४ तासांत कळतं. प्रयोगातल्या गळतीतून आपोआप होणारी गळती वजा करायची आणि कमाल गळतीतूनही (सगळ्या पेशी फोडल्यावरची) तीच वजा करून त्या आकड्याने भागायचं. खरी मेख इथेच आहे. औषधाने अर्धमेल्या झालेल्या पेशी आपोआपच जास्त गळतात. ही गळती कमाल गळतीच्या २०-२५ टक्क्यांवर गेली तर त्या थाळीवर आम्ही तरी विश्वास ठेवणार नाही. टी-पेशी घालण्याआधी औषध धुऊन काढणंही महत्त्वाचं. ट्रामेटिनिबसारखं एमईके (बीआरएएफच्या पुढचा, त्याच संदेशातला दुवा) रोखणारं औषध थाळीत राहिलं तर टी-पेशीच मंदावतात आणि दोष मात्र मेलानोमाच्या माथी जातो. बीआरएएफ रोखणारी औषधं टी-पेशींना सहसा तसा त्रास देत नाहीत.

काही महिन्यांनी बहुतेकांत औषधाला दाद न देणाऱ्या पेशी वर येतात. त्यांतल्या पुष्कळशा रंगपेशीची ओळखच टाकून देतात: रंगपेशीची ओळख टिकवणारं एमआयटीएफ प्रथिन खाली, एएक्सएल हे दुसरं प्रथिन वर, मार्ट-१ नाहीसं. आता टी-पेशींनाही त्या सापडत नाहीत. म्हणजे गोळीला चकवणारी पेशी इम्युनोथेरपीलाही (प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या उपचारालाही) चकवू शकते. औषधांचा क्रम म्हणूनच कळीचा ठरतो. ड्रीमसेक चाचणीत दोन गट होते. निवोलुमॅब-इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपी आधी घेतलेल्यांपैकी २ वर्षांनी सुमारे ७२ टक्के रुग्ण हयात होते, तर डाब्राफेनिब-ट्रामेटिनिबने सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण सुमारे ५२ टक्के होतं. मग दोन्ही एकदमच का नाही द्यायची? वेमुराफेनिब आणि इपिलिमुमॅब एकत्र दिल्यावर यकृताला गंभीर इजा दिसली होती. त्यामुळे जोडी कुठलीही जुळवून चालत नाही.

बीटा-२-मायक्रोग्लोब्युलिन (एचएलएला आधार देणारं प्रथिन) गमावलेल्या पेशींची गोष्ट आणखी वेगळी. त्यांत मार्ट-१ कितीही वाढलं तरी एचएलए वर्ग-१ पृष्ठभागावर नीट येतच नाही, त्यामुळे सीडी-८ टी-पेशींना पकडायला काही उरत नाही. एनके पेशींना (प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या मारेकरी पेशींना) मात्र हीच उणीव खटकते, त्यामुळे अशा वेळी त्यांच्यावर भिस्त ठेवावीशी वाटते. पण वेमुराफेनिबने एनके पेशींना खूण देणारं एमआयसीए हे प्रथिन कमी होतं, असं थाळीतल्या प्रयोगांत दिसलं आहे. एकाच औषधाने एका शिपायाला मदत होते आणि दुसऱ्याची अडचण.