हँडलचं दुखणं सीटमध्ये निघालं

रविवारी सायकलवर यवतेश्वरचा घाट चढून कासला जाऊन आले आणि परतीच्या उतारावर, अगदी साताऱ्यात शिरेपर्यंत, दोन्ही करंगळ्या जाग्या होत्या! सायकल चालवताना माझ्या करंगळ्या बधिर होतात, हे मागच्या अपडेटमध्ये वाचलेल्यांना कळेल, ही माझ्यासाठी केवढी मोठी बातमी आहे.

सीटची उंची मागेच जमली होती. टाच पेडलवर ठेवली की पाय सरळ, चवडा ठेवला की गुडघ्यात हलका बाक. गुडघा तेव्हापासून शांत आहे. राहिले होते ते हात. तळहाताच्या करंगळीकडच्या कडेनं अल्नर नर्व्ह ही नस जाते. हुडवर, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठींवर, वजन पडत राहिलं की ती दबते आणि करंगळी अन् शेजारचं बोट बधिर होतं. म्हणून स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारा आडवा तुकडा, उलटा करून पाहिला. शंभर मिमी लांबीचा, सहा अंशांचा स्टेम उलटवला की हँडल साधारण दोन सेंटीमीटर वर येतं. मान मोकळी झाली, पाठीलाही आराम पडला, पण करंगळी ढिम्म. कोरेगाव रस्त्याला सपाटीवरच मुंग्या सुरू. जेलचे ग्लोव्ह्ज झाले, हँडलवर गुंडाळायचा जाड बारटेप झाला, फरक शून्य.

एकच गोष्ट खटकत होती: चढाला हा त्रास कधीच होत नव्हता. चढावर सायकलचं तोंड वर, म्हणजे सीटचं नाक, तिचं पुढचं निमुळतं टोक, तेही वर. मग सपाटीवर ते कुठे असतं? सायकल घरातल्या सपाट फरशीवर उभी केली, सीटवर कडक पुठ्ठ्याची वही आडवी ठेवली आणि तिच्यावर मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप लावलं. नाक साडेतीन अंश खाली! दुकानातून आली तेव्हापासून तशीच. नुसत्या डोळ्यांना हे अजिबात दिसत नाही. पण अशा सीटवर बूड सतत पुढे घसरतं आणि ते थोपवायचं काम तळहातांवर येतं.

कळलं, पण बसवताना जीव मेटाकुटीला आला. माझा सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, एका बोल्टचा, आणि सीट पकडणाऱ्या क्लॅम्पला बारीक दाते. एक दाता वर घेतला की नाक आभाळाकडे, खाली घेतला की पुन्हा उतार. मधे जमवलं तरी बोल्ट पिळताना सीट हळूच सरकायची. शेवटी क्लॅम्प पूर्ण सोडवला. दात्यांत काळं ग्रीस आणि बारीक कच भरली होती, ती जुन्या टूथब्रशनं काढली. मग एका हातानं नाक धरून पाव-पाव फेरा पिळत गेले, दर फेऱ्याला ॲप पाहत. एका अंशाच्या आत बसली. पुढचा सीटपोस्ट दोन बोल्टचाच घेणार. त्यात पुढचा-मागचा बोल्ट कमी-जास्त करून हवा तो कोन मिळतो.

त्याच बैठकीत सीट तिच्या खालच्या रेल्सवर (दोन सळयांवर) थोडी मागेही सरकवली. मागे नेली की पेडलचं अंतर वाढतं, म्हणून उंची दोन-तीन मिमी उतरवली. आता सपाटीला हुडवरची बोटं क्षणभर सैल सोडली तरी धड पुढे कोसळत नाही. ही परीक्षा सगळ्यांनी करून बघा, मोकळ्या रस्त्यावर.

टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरावीक जोरानंच पिळणारा पाना, याबद्दल माझं मत पक्कं आहे: नव्या माणसानं महागड्या जर्सीआधी तो घ्यावा. माझ्या स्टेमवर ५ एनएम (न्यूटन-मीटर, पिळण्याच्या जोराचं माप) असं छापलंय, ते हाताच्या अंदाजानं कळत नाही.

ऐंशी मिमीचा आखूड स्टेम मागवणार होते, तो बेत आता रद्द. त्या पैशांत २८ मिमीचे टायर बघते, आधी ब्रेकखाली तेवढी जागा आहे का ते मोजून. कासकडच्या खडबडीत पट्ट्यात २५ चे टायर हातांना फार हादरे देतात. तोवर हवा थोडी कमी करून पाहीन. आणि हे लिहिताना सुचलं: उतारावर ब्रेक धरताना माझी बोटं ताणली जातात. लिव्हर आत घ्यायचा स्क्रू असतो, तो आधी फिरवायला हवा. त्यानं ब्रेकचं अंतर बदलतं, म्हणजे केबलही जुळवावी लागेल. टायर नंतर, उद्या संध्याकाळी लिव्हरच.