हातातला मोदक

सगळ्यांचा एकच प्रश्न, "इकॉनॉमिक्स शिकायला गेली ना तू तिथे, मग हे धर्माचं काहून घेतलं?" आई विचारते, काका विचारतात, मावशी व्हॉट्सअॅपवर विचारते. फोनवर धड सांगता येत नाही म्हणून इथे लिहितेय.

इंग्लंडमधल्या लँकास्टर युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षी मेन विषयासोबत दुसरेही विषय घेता येतात, त्यात मी धर्मांचा अभ्यास घेतला. ब्रिटनमधलं या विषयाचं पहिलं डिपार्टमेंट इथलंच, १९६७ चं, निनियन स्मार्ट नावाच्या प्रोफेसरांनी उभं केलेलं. त्याआधी इथे कॉलेजात धर्म शिकायचा म्हणजे बहुतेक करून ख्रिश्चन धर्मच. स्मार्टांचं म्हणणं असं की कोणाचा धर्म खरा हा वाद थोडा वेळ बाजूला ठेवा आणि तो मानणारी माणसं काय करतात, कोणत्या गोष्टी सांगतात, कशापुढे हात जोडतात ते आधी नीट बघा. त्यांनी धर्माची सात अंगं सांगितलीत, विधी, कथा, अनुभव, तत्त्वज्ञान, नीतिनियम, समाज आणि वस्तू. वस्तूंमध्ये मूर्ती, इमारती, आपला प्रसादसुद्धा आला.

आता मुख्य गोष्ट. नोव्हेंबरमध्ये बौद्ध धर्मावर सेमिनार होता, बारा-तेरा जण गोल बसलेलो, आणि वाचायला होतं बाबासाहेबांचं धर्मांतर, १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. मॅडमनी माझ्याकडे बघून विचारलं, तू नागपूरची ना, तिथे गेली असशील तर थोडं सांग ना आम्हाला. आमचं घर प्रतापनगरात, दीक्षाभूमी स्कूटीवर दहा मिनिटं. एकोणीस वर्षांत मी एकदाही आत गेले नव्हते. दसऱ्याला तिकडचे रस्ते बंद असतात, जायचं तर लांबून जा, एवढंच मला माहीत होतं, आणि तसं मी सांगितलं. कोणी काही बोललं नाही, मॅडम पुढे गेल्या, पण माझं लक्ष तासभर कुठेच लागलं नाही.

मग पुढचं पान आलं, बाबासाहेबांनी त्या दिवशी लोकांना दिलेल्या २२ प्रतिज्ञा. तिसरी प्रतिज्ञा गौरी-गणपतीची, की मी त्यांना देव मानणार नाही आणि त्यांची उपासना करणार नाही. ते वाचलं आणि मला एकदम आमची बैठक दिसली. सातवीत असताना आमच्याकडच्या गणपतीला माझी मैत्रीण आली होती, पाच वर्षं एका बाकावर बसायचो आम्ही. आईने तिच्या हातावर मोदक ठेवला आणि ती तो तसाच धरून बसली, खाल्ला नाही, परतही केला नाही, तुपाने तिचा तळहात चमकत होता. शेवटी जाताना तिने तो हळूच टेबलावरच्या वाटीत ठेवला. ती गेल्यावर आई म्हणाली, प्रसादाला नाही म्हणत नसतात. मलाही तेव्हा तिचाच राग आला, आणि मी तिला कधी विचारलंच नाही.

सेमिनार संपल्यावर बाहेर येऊन तिला फोन लावला, नागपुरात रात्रीचे दहा वाजले होते. ती आधी हसली, म्हणाली तुला अजून आठवते? मग खूप वेळ बोललो. तिचे आजोबा त्या दिवशी तिथे होते, अकरा वर्षांचे, वडिलांच्या खांद्यावरून बघत होते, सगळीकडे पांढरे कपडेच कपडे. घरी परतल्यावर पणजीने देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून नदीत सोडले, आणि पणजी रडली होती, कारण एवढी वर्षं तिनेच त्यांना रोज पाणी घातलं होतं. हे कुठल्याही रीडिंग लिस्टमध्ये नाही. पण आधी ते पान वाचलं नसतं तर मी फोनही केला नसता.

म्हणून काका, "उपयोग काय" याचं माझं उत्तर हे आहे. नोकरीचं विचाराल तर वर्गातल्या दोघी शिक्षिका होणार आहेत, इथे सरकारी शाळांमध्ये धर्मांची ओळख हा विषय शिकवावाच लागतो. आपल्याकडे पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, राज्यघटनेचं २८ वं कलम, आणि ते मला पटतं. पण धर्माचं शिक्षण देणं वेगळं आणि धर्मांविषयी शिकवणं वेगळं. हे दुसरं आम्हाला शाळेत कोणी शिकवलं असतं तर त्या दिवशी बैठकीत तिला तो मोदक हातात धरून बसावं लागलं नसतं, निदान मी तरी उठून तिच्या हातातून घेतला असता.

आईला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, तिला घरी बोलाव, मी पोहे करते.

जूनमध्ये येतेय. आधी दीक्षाभूमी, तिच्यासोबत, मग तिच्या घरी. तिने आजोबांना सांगून ठेवलंय. ते म्हणाले, सकाळीच या पोरींनो, दुपारी ऊन लई तापते.