पॅटी सेशन्स आमची कोण लागते

जुलै उजाडला की मला एक प्रश्न हमखास येतो. कधी इथल्या मराठी मंडळाच्या सहलीत, कधी साताऱ्याहून मावसबहिणीच्या फोनवर. "तुझ्या नातीची ती मॉर्मन पणजी म्हणजे कोण गं? आणि तुला तिचं एवढं काय?" मग आवाज थोडा खाली येतो. "त्यांच्यात गेलीस की काय?"

शेवटच्याचं उत्तर आधी देते. नाही गेले. आमच्या घरात गणपती बसतो, गौरी जेवतात, तो नेम मी इथंही चुकवलेला नाही. पण माझा मुलगा नोकरीसाठी अमेरिकेत, युटा राज्यात आला, त्यानं इथल्याच मुलीशी लग्न केलं, आणि सुनेचं माहेर पिढ्यान्‌पिढ्या मॉर्मन चर्चमधलं, म्हणजे अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथातलं. तिच्या बाजूनं सात-आठ पिढ्या मागं गेलं की पॅटी बार्टलेट सेशन्स येते. म्हणजे माझ्या नातीच्या अंगात ती आहे. हे एक कारण झालं.

दुसरं कारण सांगायला मला जरा वेळ लागेल. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

मी एकतीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होते. त्यातला बराचसा काळ बाळंतपणाच्या खोलीत गेला. मी इथं आले त्या पहिल्याच हिवाळ्यात विहीणबाईंनी मला पॅटीची डायरी वाचायला दिली. छापलेली, जाडजूड. त्यांना वाटलं होतं, मला यांच्या धर्माबद्दल काही कळेल. मी पानं उलटायला लागले आणि हात थांबलाच. ही डायरी कसली, हे तर आमचं प्रसूती रजिस्टर! तारीख, बाईचं नाव, मुलगा की मुलगी, मजुरी मिळाली असेल तर तीही. मध्ये हवापाणी, मध्ये कुणाचा आजार, मध्ये स्वतःचं रडणं. पुन्हा तारीख, बाईचं नाव.

पॅटीचा जन्म १७९५चा, अमेरिकेच्या पार ईशान्य टोकाला, मेन राज्यात. लग्न १८१२ मध्ये झालं, वय सतरा. सासू गावची सुईण होती, पण संधिवातानं बेजार. एकदा एका बाईचं पोट अचानक दुखायला लागलं. सासूला लवकर चालवेना, तेव्हा ही नवी सून पुढं धावली आणि सासू पोचायच्या आत मूल हातात घेऊन मोकळी झाली. गावच्या डॉक्टरांनी पाठ थोपटली, घाबरू नकोस, हेच काम कर म्हणाले. तिथून जे सुरू झालं ते म्हातारपणापर्यंत. तिच्या हातून ३,९७७ बाळंतपणं झाली असा आकडा इथं सांगतात. ज्यांनी रात्रपाळ्या केल्यात त्यांनाच कळेल या आकड्यात किती जागरणं आहेत ते. आणि तिची स्वतःची आठ मुलं, त्यातली मोठी झाली फक्त तीन.

१८३४ मध्ये तिनं मॉर्मन पंथाची दीक्षा घेतली. तो पंथ तेव्हा चार वर्षांचा होता. १८३७ मध्ये घरदार विकून कुटुंब पश्चिमेला मिसूरीत गेलं. पुढच्याच वर्षी तिथल्या राज्यपालानं हुकूम काढला, मॉर्मनांना राज्याबाहेर घालवा नाहीतर संपवा. मग इलिनॉयमध्ये मिसिसिपीच्या काठी नॉवू गाव वसवलं. १८४४ मध्ये तुरुंगात असलेल्या जोसेफ स्मिथला, म्हणजे त्यांच्या संस्थापकाला, जमावानं गोळ्या घातल्या. १८४६च्या फेब्रुवारीत नॉवूही सोडावं लागलं. चार वाक्यांत लिहून झालं, पण प्रत्येक वेळी चूल मोडायची आणि नव्यानं मांडायची कुणी, हे बायकांना सांगायला नको.

तिची ही डायरी तिथूनच सुरू होते. १० फेब्रुवारी १८४६. लेकीनं, सिल्व्हियानं, कोरी वही दिली. पॅटीनं पहिल्याच पानावर लिहिलं की आज मी एकावन्न वर्षं सहा दिवसांची आहे. दोन दिवसांनी घर सोडलं. आपल्याकडे त्या वयाची बाई सुनेच्या हाती किल्ल्या देऊन माळ ओढायला बसायची.

त्या वसंतातली एक नोंद मला तोंडपाठ झालीय. आयोवाच्या माळावर पाऊस, चिखल, गाड्या रुतलेल्या. पहाटे दोनला बोलावणं आलं. ती उलटी दोन मैल मागं गेली, घोड्याच्या पोटापर्यंत येणाऱ्या पाण्याचिखलातून, आणि वर बर्फ पडायला लागलेलं. बाई एका जुन्या लाकडी खोपटात सापडली. मूल आधीच झालं होतं. त्या बाईनं कळा सुरू झाल्यावर तेरा मैल गाडीतून प्रवास केला होता. ओढ्यावरचा पूल वाहून गेलेला, तेव्हा अंधारात एका ओंडक्यावरून ती ओढा ओलांडून आली. नवऱ्यानं लागेल तेवढं सामान खांद्यावरून आणलं, गाडी आणि बैल पलीकडेच राहिले. पॅटीनं हे सगळं असंच लिहिलंय, एकही हाय नाही की हुश्श नाही. मी ते वाचलं तेव्हा खिडकीबाहेर बर्फ पडत होतं आणि माझ्या पायाला कळ आली. मला माहीत आहे कळा सुरू असताना बाई एक पायरी कशी उतरते ते. ओंडका!

आता जे सांगते ते सुनेच्या माहेरी जरा हळू आवाजात बोलतात. मला ते झाकून ठेवणं पटत नाही. या पंथात तेव्हा बहुपत्नीत्व होतं. पॅटी स्वतः १८४२ मध्ये, नवरा हयात असताना, जोसेफ स्मिथशी 'सील' झाली होती. सील म्हणजे मरणानंतरही टिकणारं बंधन, असं ते मानतात. पुढं तिच्या नवऱ्यानं, डेव्हिडनं, रोझिला नावाची तरुण दुसरी बायको केली. १८४६च्या त्या प्रवासात तिघं एका बिऱ्हाडात. पॅटी लिहिते की न्याहारी केली, पण मनात दुःख एवढं भरलंय की अन्नाला जागाच नाही, लगेच उलटून पडलं. श्रद्धेपायी जे बरोबर मानलं तेच तिला पोळत होतं, आणि तिनं दोन्ही लिहून ठेवलं. डिसेंबरमध्ये रोझिला निघून गेली. तिच्या बाजूनं कुणी वही ठेवली नाही, हेही मी वाचताना मनात धरते.

जून १८४७ मध्ये ही मंडळी मिसूरी नदीकाठचा मुक्काम सोडून डोंगरांकडे निघाली. बावन्न वर्षांच्या पॅटीनं बहुतेक सगळा रस्ता स्वतः गाडी हाकली, चार बैलांची. हजार मैलांहून जास्त. (इथं कुणी पायोनियर, म्हणजे सुरुवातीला येऊन वसलेली माणसं, म्हटलं की बहुतेकांना त्यांनी ओढत आणलेल्या हातगाड्या आठवतात. त्या नंतरच्या, १८५६ पासूनच्या. त्याच वर्षी उशिरा निघालेले दोन तांडे बर्फात अडकले आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. पॅटी त्या सगळ्याच्या नऊ वर्षं आधीची.) जोसेफ स्मिथनंतरचा त्यांचा पुढारी ब्रिगहॅम यंग, त्याची पहिली तुकडी २४ जुलैला इथल्या सॉल्ट लेक खोऱ्यात पोचली होती, म्हणून तो दिवस इथं सणाचा. पॅटी पोचली २४ सप्टेंबरला. जागा सुंदर आहे, काही गमावलं नाही, सगळे जीवानिशी आलो, असं तिनं लिहिलं.

आणि दोनच दिवसांनी, २६ तारखेला, ही बाई प्रार्थनेला गेली, पुढाऱ्यांचं पत्र वाचलेलं ऐकलं आणि तिथून जाऊन हॅरिएट यंगचं बाळंतपण केलं. मुलगा झाला. त्या खोऱ्यात जन्मलेला त्यांचा पहिला मुलगा. तिला पाच महिन्यांपूर्वी कुणी तरी सांगितलं होतं की विसाव्याच्या जागी जन्मणारा पहिला मुलगा तुझ्याच हातात येईल. ती लिहिते, ते बोलणं झाल्यापासून मी हजार मैलांहून जास्त प्रवास करून आले, हे करायला. अख्ख्या डायरीत एवढ्या अभिमानाचं वाक्य दुसरं मला दिसलं नाही. खरं तर त्यांचं तिथलं पहिलं मूल मुलगी होती, ९ ऑगस्टची. मुलगी पहिली आली आणि गवगवा मुलाचा झाला. ऐकल्यासारखं वाटतंय ना?

त्यांचं पहिलं, असं मी मुद्दाम म्हणते. त्या खोऱ्यात शोशोनी, यूट, गोशूट हे मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या होते आणि त्यांच्याही सुइणी होत्या. मॉर्मनांच्या येण्यानं त्यांचं पाणी, कुरणं, शिकार गेली. १८५४ मध्ये मूळ रहिवाशांच्या बायका-मुलांसाठी कपडे शिवायला बायकांची एक सोसायटी निघाली, तिची अध्यक्ष पॅटी होती. तिनं मनापासूनच शिवले असणार. पण गेलेलं कुरण झग्यानं परत येत नाही, आणि नातीला मी हे दोन्ही सांगते.

पुढचं आयुष्य मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात बाई आपल्या पायावर उभी दिसते. डेव्हिड १८५० मध्ये वारला. पुढच्या वर्षी तिनं जॉन पॅरीशी लग्न केलं आणि डायरीत लिहिलं, देवाचे आभार, आता मला लाकडं फोडून द्यायला कुणीतरी आहे. मी वाचून किती वेळ हसत होते. प्रेमाबिमाची भाषाच नाही, पण एकट्या बाईनं हिवाळा काढलेला असला की त्या वाक्याचं वजन कळतं. मग फळबागा लावल्या, फळं विकली, पैसा साठवला, सहकारी दुकानाचे शेअर घेतले. आम्ही राहतो ते बाऊंटिफुल गाव तिच्या मुलानं, पेरिग्रीननं, वसवलेलं. आधी त्याला सेशन्स सेटलमेंटच म्हणायचे. नव्वदीला टेकलेली असताना तिनं इथं स्वतःच्या पैशानं शाळा बांधली, नातवंडांसाठी आणि ज्यांना फी परवडत नाही अशा मुलांसाठी. १८९२ मध्ये गेली, वय सत्त्याण्णव.

मावसबहीण म्हणते, "छान आहे गं, पण आपला काय संबंध?" संबंध जोडायचाच तर १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा त्यांचा स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला होता आणि पुण्यात त्यानं छोटीशी मंडळी जमवलीही होती. पण माझा संबंध तो नाही.

माझी आजी सुईण होती. कृष्णाकाठच्या आमच्या गावात पन्नाशी-साठीतल्या अर्ध्या माणसांना पहिला हात तिचा लागलाय. मजुरी म्हणजे पायलीभर जोंधळे, खण-नारळ. मुलगा असेल आणि घर बरं असेल तर लुगडं. पाचव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळावर लिहायला येते म्हणून आजी दुसऱ्यांच्या घरी पाट्यापाशी कोरा कागद आणि लेखणी मांडायची. नेमानं मांडायची, पण त्या लेखणीनं तिला स्वतःला एक अक्षर लिहिता येत नव्हतं. ती गेली तेव्हा मी नर्सिंगला होते. किती बाळंतपणं केलीस, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. माझ्याकडे सरकारी रजिस्टर होतं, शिक्का होता, आणि तिच्या कामाला मी तेव्हा अडाणीपणा समजत होते. ही गोष्ट मला फार लागते.

इथले लोक पूर्वजांच्या नोंदींसाठी जिवाचं रान करतात. मेलेल्यांच्या नावानंही बाप्तिस्मा घेता येतो अशी त्यांची श्रद्धा आहे, म्हणून नाव हवं, तारीख हवी. आपल्याकडे श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घेतो, तीही बहुतेक पुरुषांची. पॅटीची नोंद कुणी शोधून काढावी लागली नाही. तिची तिनंच ठेवली, दमून आल्यावर, ओल्या कपड्यांनी. ती वाचताना मला आजी दिसते, आणि आजीची वही कुठंच नाही हेही दिसतं.

म्हणून गेल्या दिवाळीपासून मी एक वही केलीय. दर रविवारी गावाकडे फोन लावते. कुणाचा जन्म आजीच्या हातचा, कुठल्या सालचा, घर कुठलं, काय अडचण आली होती. म्हातारी माणसं आधी "कशाला गं आता?" म्हणतात आणि मग अर्धा-अर्धा तास फोन ठेवत नाहीत. ४३ नावं झालीत. नात शेजारी बसून तारखा लिहिते. तिचं देवनागरी अजून वाकडं आहे, पण आकडे छान काढते. तिनं विचारलं, ही बाई पॅटीची कोण? म्हटलं, कुणी नाही. ही तुझ्या आजीची आजी.

परवाची नोंद अशी आहे: आषाढ, ओढ्याला पूर. नवऱ्यानं पलीकडून हाक दिली. आजी कमरेएवढ्या पाण्यातून गेली. मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. मजुरी काय मिळाली ते मावसबहीण विचारून कळवणार आहे.