कॉम्प्रेसरच्या जॅकेटखालची तारीख

२०२५च्या मे महिन्यात दापोलीजवळच्या मुरुडला एका घरी एसीच्या कामाला गेलो होतो. काकू दोन खोल्या पर्यटकांना देतात. मागच्या खोलीतला एसी गार करत नव्हता. आधी येऊन गेलेला माणूस म्हणाला होता, "बारा-तेरा वर्षं जुना आहे, भंगारात घाला." ऐन सीझनमध्ये हे ऐकून काकू हवालदिल झाल्या होत्या.

"एवढा जुना नाही रे तो. मुलाने पहिल्या पगारातून घेतला. पण साल आठवत नाही, आणि बिल काही राहिलं नाही."

३ जून २०२०ला निसर्ग वादळात कौलं उडाली, कपाटात पाणी शिरलं, कागदांचा लगदा झाला.

मागे जाऊन आउटडोअर, म्हणजे एसीचा बाहेरचा डबा, बघितला. खरं सांगतो, मलाही तो बारा वर्षांचाच वाटला. पत्र्याचा रंग फुगून सुटलेला, स्क्रू गंजून डोकी गेलेली, वरचा स्टिकर उन्हाने पांढराफटक. कॉइलच्या जाळीला बोट लावलं तर अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी हातात आली. माडांच्या पलीकडे लगेच समुद्र. तांब्याच्या नळीवर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, त्यावर खारं दमट वारं बसलं की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. घाटावर हेच मशीन बारा वर्षांनीही बरं दिसतं. म्हणून किनाऱ्यावर मशीनचं वय रूपावरून सांगू नये, असं माझं ठाम मत आहे. गिऱ्हाइकाचे पैसे त्यात जातात.

मेन स्विच बंद करून आतलं युनिट उघडलं. स्टार लेबल अर्धं सोललेलं होतं, पण त्यावर 'आयएसईईआर' हे वीजबचतीचं माप स्पष्ट वाचता येत होतं. २०१५च्या आधीच्या लेबलांवर हे माप नव्हतंच, तिथे नुसतं ईईआर असायचं. म्हणजे बारा वर्षांची गोष्ट तिथेच खोटी पडली. प्लेटवर गार करणारा गॅस आर-३२ लिहिलेला होता. जुन्या मशीनमध्ये आमच्याकडे बहुतेक आर-२२च सापडतो.

आता नेमकं साल. सीरियल नंबरात वर्ष आणि महिना कुठे असतो, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. या कंपनीची पद्धत मला ठाऊक होती: नोव्हेंबर २०१८. तरी एका आकड्यावर मी थांबत नाही. पीसीबीवरच्या, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावरच्या, चिपवर १८३४ छापलेलं होतं, म्हणजे २०१८चा चौतिसावा आठवडा. पण बोर्ड बदललेला असू शकतो. म्हणून पुन्हा बाहेर येऊन कॉम्प्रेसरचं जाड फेल्टचं जॅकेट सोडवलं. त्याच्या आत खारी हवा पोचलीच नव्हती. स्टिकर कोरा करकरीत, ऑक्टोबर २०१८! चिप आधीची, मग कॉम्प्रेसर, मग मशीन. तिन्ही तारखा ओळीने जुळल्या. मशीन साडेसहा वर्षांचं, आणि कॉम्प्रेसरही मूळचाच.

मग दुखणं कुठे? कॉइलच्या वळणावर तेलाचा काळा डाग होता. नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाचं पाणी लावलं, तिथूनच बुडबुडे आले. कॉम्प्रेसर ठणठणीत होता. गळत होती ती फक्त कॉइल.

नवी कॉइल यायला आठवडा लागला. ती बसवताना आउटडोअर समुद्राकडून काढून रस्त्याकडच्या भिंतीवर नेला. थोडा तांब्याचा पाइप वाढवावा लागला, पण घराचा आडोसा मिळाला. महिन्यातून एकदा मशीन बंद करून कॉइलवर हलक्या धारेने विहिरीचं गोडं पाणी मारायचं, हे काकूंना स्वतः करून दाखवलं.

निघताना तिन्ही तारखांचे फोटो त्यांच्या मोबाइलवर पाठवले. काकूंनी ते तिथेच उभ्या उभ्या मुलाला पाठवले आणि लगेच फोन लावला, "सांगत होते ना मी, तुझा एसी जुना नाही म्हणून."