आज दिवसभर जीन्सच डोक्यात
स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या जीन्सवरचा (म्हणजे जनुकांवरचा) २०२२चा तो मोठा शोधनिबंध वाचत बसलेय, डोकं पार भंजाळलंय. ७६ हजारांवर पेशंट, आजार नसलेले २ लाख ४३ हजार लोक, आणि हाती काय तर जीनोममधल्या, म्हणजे आपल्या सगळ्या डीएनएमधल्या, २८७ जागा, त्यातली एकेक धोका वाढवणार जेमतेम चिमूटभर! म्हणजे 'तो एक जीन' वगैरे काही नसतंच. ग्रिन२ए सारख्या जीन्समधले बिघाड मात्र फार दुर्मिळ, पण असले की धोका कितीतरी पट. आणि हा मेंदूतल्या ग्लुटामेट या रसायनाचा संदेश झेलणाऱ्या रिसेप्टरचा जीन, औषधं बघा तर अजून बहुतेक डोपामिन या दुसऱ्याच रसायनाच्या मागे.

मध्येच मावशीचा फोन, "घरात एकाला आहे म्हणजे पोरांना होणारच ना गं?" अगं, सेम जीन्सवाल्या जुळ्यांतसुद्धा एकाला झाला तरी दुसऱ्याला बऱ्याचदा होत नाही! तरी मावशी म्हणते जीन्सची टेस्ट करूया.