वाट ठेक्यात आहे

हडपसरला पालख्यांच्या वाटा फुटतात. तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे वळते, माऊलींची दिवे घाटाकडे. मी माऊलींच्या सोहळ्यात, रथामागच्या एका दिंडीत होतो. पुणे ते सासवड हा टप्पा तीसेक किलोमीटरचा आणि त्यात एकादशी. केळी नि शेंगदाण्याच्या लाडवांवर घाट चढायचा. रथाला जादा बैलजोड्या लावतात. आम्हाला कोण लावणार!

निघण्याआधी मी अभ्यास केला होता. दि. बा. मोकाशींचं 'पालखी' वाचलं, इरावती कर्व्यांचा 'वाटचाल' हा लेख दोनदा वाचला. नवे बूट चार दिवस घालून फिरायचं तेवढं राहिलं. वडकीच्या पुढे टाचेवर फोड आला, घाटाच्या मध्यावर दुसऱ्या पायाला.

सासवडला समाजआरतीला लंगडतच उभा राहिलो. चोपदाराने दंड उंचावला आणि हजारो टाळ एकदम थांबले. एका दिंडीचे मात्र वाजतच राहिले. म्हणजे त्यांची तक्रार आहे. चोपदार तिकडे गेले, ऐकून घेतलं, मग टाळ थांबले. हरवल्या-सापडल्याचा पुकारा झाला, मग आरती. गाऱ्हाणं मांडायची इतकी सुरेल रीत मी दुसरीकडे पाहिली नाही.

तंबूत परभणीकडच्या एक आजी म्हणाल्या, "माऊली, पाय दे इकडं." आईपेक्षा मोठ्या बाईच्या हातात पाय द्यायचा म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढला, पाणी झिरपावं म्हणून दोरा आतच ठेवला. (डॉक्टरांना सांगू नका.)

मी डायरी उघडली तशी विचारलं, "काय लिव्हतो रे?"

"वाटेचं."

"वाटंचं काय लिव्हायचं? समद्यांनी बघितलीच की."

मग मी आठवेल तो अभंग मनात घोळवत पडलो. 'जाईन गे माये तया पंढरपुरा, भेटेन माहेरा आपुलिया.' चंद्रभागा आहे, वीट आहे, माहेर आहे. चिखल, घाट, फोड काही आठवेना. ऐकणाराच चालत असेल तर त्याला वाट कशाला सांगायची? ती लिहून ठेवली माझ्यासारख्या वाटेवरच्या पाहुण्यांनी. पण घाटात भजन थांबलं की मी लंगडायचो, टाळ सुरू झाले की पाय आपसूक पडायचे, हेही आठवलं. संतांनी वाट ठेक्यात घालून ठेवली होती, आणि मी ती शब्दांत शोधत होतो.

इरावतीबाईंना सलत होतं ते वेगळंच. माणसं एका दिंडीत एकत्र गातात आणि जातीजातीने वेगळं जेवतात. आमची पंगत एकच होती. तंबूत कोण कुणाशेजारी पथारी टाकतं, हे मात्र मी मुद्दाम पाहिलं. बाईंचा लेख अजून पुरता जुना झालेला नाही.

पुढे जेजुरीला भंडारा, मग वाल्हे. माझी रजा लोणंदपर्यंतच होती. नीरेला पादुकांचं स्नान झालं, पूल ओलांडून पालखी सातारा जिल्ह्यात आली. मी काठावर पाय पाण्यात सोडून बसलो, तेव्हा टाचेतला दोरा सुटून वाहून गेला. बूट सासवडपासून सामानाच्या ट्रकमध्येच होते.